पद्मपूरचा भवभूती : जुनी आख्याने, नवी रचना



मागील घटकात आपण मराठीतील अद्भुतरम्य कादंबरीचा परिचय करून घेतला. १८६१ साली प्रसिद्ध झालेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि तिच्यामागून आलेल्या कादंबऱ्या यांविषयी वाचताना एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. संकटात सापडलेले तरुण प्रेमिक, कपटी कारस्थानी, योगायोगाने होणाऱ्या भेटी ही सामग्री त्या लेखकांनी शून्यातून निर्माण केलेली नव्हती. तिची मुळे जुन्या कथांत आणि संस्कृत साहित्यात होती. 'कादंबरी' हा शब्दसुद्धा मराठीने बाणभट्टाच्या ग्रंथावरूनच घेतला. आज ग्रंथालयाच्या कपाटात कुमारवयीन आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेल्या, पुराणकथांवर आधारलेल्या ज्या जाडजूड अद्भुत कादंबऱ्या दिसतात, त्यांचेही कुळ तेच आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी अशी एखादी कादंबरी दोन रात्रींत संपवली असेल. मूळ कथा अशी नाही, ही घरातील वडीलधाऱ्यांची हरकतही ऐकली असेल.

ही हरकत क्षुल्लक समजू नका. जुनी कथा सर्वांची असते. ती बदलण्याचा अधिकार एकट्या लेखकाला कोणी दिला, हा प्रश्न त्या हरकतीमागे उभा असतो. ज्या कवीच्या सबंध लेखनात या प्रश्नाचे उत्तर सापडते, तो सुमारे तेराशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि त्याचे जन्मगाव अगदी अलीकडेपर्यंत भंडारा जिल्ह्यात मोडत होते. त्याचे नाव भवभूती. प्रस्तुत घटकात त्याचे चरित्र पाहावयाचे आहे. मात्र येथे त्याचे श्लोक उद्धृत केलेले नाहीत. प्रथम माणूस आणि त्याने कथेला दिलेली वळणे नीट ध्यानात यावीत, एवढाच त्यामागील हेतू आहे.

जन्मगाव आणि घराणे

संस्कृत कवी स्वतःविषयी फार थोडे बोलतात. कालिदासाने आपल्या आईवडिलांची नावेही सांगितली नाहीत. भवभूतीचे तसे नाही. आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत सूत्रधाराच्या मुखाने तो स्वतःचे गाव, घराणे, शाखा, गोत्र, आजोबा, वडील, आई आणि गुरू या सर्वांची ओळख करून देतो. दक्षिणापथातील पद्मपूर हे त्याचे नगर. कृष्ण यजुर्वेदाची तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र आणि उदुंबर हे घराण्याचे नाव. घरात अग्निहोत्र चालत असे, सोमयाग होत असत. एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केल्याचेही तो अभिमानाने नोंदवितो. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी, गुरू ज्ञाननिधी. स्वतःचा उल्लेख तो श्रीकंठ या उपपदासह करतो. आईचे नाव आवर्जून सांगणारा हा कवी पुढे सीतेच्या दुःखाशी इतका समरस झाला, याची नोंद येथेच करून ठेवावी असे वाटते.

हे पद्मपूर नेमके कोठले, याविषयी विद्वानांत बराच काळ वाद होता. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७६ साली 'मालतीमाधव' या नाटकाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते गाव विदर्भात, चांद्याच्या बाजूस असावे, अशी त्यांची अटकळ होती. पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी भंडारा जिल्ह्यातील आमगावाजवळचे पद्मपूर हेच भवभूतीचे पद्मपूर, असे प्रतिपादन केले. वाकाटक राजांचा एक अपुरा राहिलेला ताम्रपट दुर्ग भागात सापडला होता आणि तो पद्मपुराहून दिलेला होता. भवभूतीच्या आधी सुमारे दोन शतके या नावाचे महत्त्वाचे नगर पूर्व विदर्भाच्या परिसरात नांदत होते, याचा हा भरभक्कम पुरावा होय. काही काळ ती वाकाटकांची राजधानीच असावी, असेही मिराशींचे मत होते. आमगावाजवळचे हे खेडे आणि तेथील पुरातन अवशेष यांची सांगड त्यांनी या ताम्रपटाशी घातली, आणि आज हे स्थलनिर्णयन बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला आणि आमगाव तालुका त्या नव्या जिल्ह्यात गेला. त्यामुळे जुन्या पुस्तकांत भवभूतीचे गाव भंडारा जिल्ह्यात आणि नव्या पुस्तकांत गोंदिया जिल्ह्यात आढळते. दोन्ही विधाने आपापल्या काळापुरती बरोबर आहेत. गोंदियाहून दुर्गकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमगाव स्थानक लागते. गावातील महाविद्यालयाला भवभूतीचे नाव आहे. भाताची खाचरे, मामा तलाव आणि त्यापलीकडे सागवानाची, बांबूची राने असा हा मुलूख तुमच्यापैकी अनेकांच्या नित्य परिचयाचा असेल. 'उत्तररामचरित' या नाटकातील दंडकारण्य वाचताना हा मुलूख डोळ्यांसमोर ठेवावा. त्या अरण्यात नुसती कमळे आणि हरिणे नाहीत. गुहांतून घुमणारे अस्वलांचे आवाज आहेत, अजगर आहेत, भर दुपारची भयाण शांतता आहे. हे रान ग्रंथांत वाचून लिहिलेले नसावे, असे मला वाटते. प्रत्यक्ष रानाच्या काठावर वाढलेल्या माणसाची ही नजर आहे.

शास्त्री आणि नाटककार

भवभूतीचे शिक्षण वैदिक पंडिताच्या घराण्याला साजेसे झाले. व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत त्याने प्रावीण्य मिळविले होते आणि ते तो लपवीत नाही. वेद, उपनिषदे, सांख्य व योग यांचेही ज्ञान त्याला होते. मीमांसक कुमारिलभट्टाचा शिष्य उंबेक म्हणजेच भवभूती, असे सुचविणारा उल्लेख 'मालतीमाधवा'च्या एका हस्तलिखितात आढळतो. त्यावर विद्वानांत एकमत नाही, म्हणून त्या वादात आपण शिरणार नाही.

एवढ्या शास्त्राध्ययनानंतर या गृहस्थाने नाटके लिहावयास घेतली. नटांशी आपली मैत्री असल्याचे तो सांगतो. यज्ञ करणाऱ्या घराण्यातील पंडिताने नटांच्या संगतीत रमावे, ही गोष्ट त्या काळी सरळसाधी नव्हती. त्याची तिन्ही नाटके प्रथम कालप्रियनाथाच्या यात्रेत झाली. हे कालप्रियनाथ म्हणजे उज्जयिनीचा महाकाल, असे काही टीकाकार मानतात. मिराशींच्या मते ते यमुनाकाठच्या काल्पी येथील सूर्यदेवाचे स्थान होय. स्थान कोणतेही असो, प्रयोग राजसभेत न होता यात्रेत झाला, ही बाब महत्त्वाची आहे. तुम्ही झाडीपट्टीतील असाल तर हे चित्र तुम्हांला सहज कळेल. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दुकाने लागतात, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक चालते. प्रेक्षकांत जाणकार असतात, तसेच केवळ गर्दीबरोबर आलेलेही असतात. भवभूतीची लांब समासांनी भरलेली, अवघड भाषा अशा यात्रेकरूंपुढे कशी पोहोचली असेल, हा प्रश्न मनात येतो. ती सर्वांपर्यंत पोहोचली नसावी. तो स्वतःच तसे सुचवितो.

'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत आपली अवहेलना करणाऱ्यांना तो उत्तर देतो. हा प्रयत्न तुमच्यासाठी नाही, असे तो त्यांना सरळ बजावतो. काळाला अंत नाही आणि पृथ्वी विस्तीर्ण आहे, तेव्हा आपल्या वृत्तीचा वाचक कोठेतरी असेल किंवा पुढे केव्हातरी जन्मेल, अशी आशा तो व्यक्त करतो. यात अहंकार आहे, असे पुष्कळांनी म्हटले आहे, आणि तो आहेच. पण त्या आत्मविश्वासाखाली दुखावलेले मनही आहे. समकालीनांनी स्वीकारले असते तर न जन्मलेल्या वाचकाची वाट पाहण्याचे त्याला कारण नव्हते.

रामकथेचे पहिले धाडस : 'महावीरचरित'

आता मूळ मुद्द्याकडे वळू. 'महावीरचरित' हे भवभूतीचे पहिले नाटक मानले जाते. त्यात विश्वामित्राच्या आश्रमापासून राज्याभिषेकापर्यंतची रामकथा सात अंकांत आहे. कथा सर्वांना पाठ असताना नाटककाराने प्रेक्षकाला बसवून कसे ठेवावे? भवभूतीने उपाय शोधला तो असा : रामायणातील सुट्या सुट्या घटना त्याने एका कारस्थानाच्या धाग्यात ओवल्या. रावणाने सीतेसाठी जनकाकडे मागणी घातली होती आणि ती नाकारली गेली, येथून संघर्षाला आरंभ होतो. रावणाचा अमात्य माल्यवान पडद्यामागून सूत्रे हलवितो. परशुरामाला तोच चिथावतो. त्याच्याच सांगण्यावरून शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते आणि कैकेयीच्या नावाने वर मागते. वालीलाही तोच रामावर सोडतो.

या फेरफारांचा परिणाम काय झाला, हे तुम्ही स्वतः तपासून पाहा. कैकेयी निर्दोष ठरली. झाडाआडून बाण मारल्याचा जो आरोप रामावर येतो, तो नाहीसा झाला, कारण येथे वाली समोरासमोरच्या युद्धात पडतो. ज्या ज्या ठिकाणी मूळ कथा श्रोत्याच्या मनाला टोचते, नेमक्या त्या ठिकाणी भवभूतीने हात घातला आहे. आजच्या पुराणाधारित कादंबऱ्यांतही हेच तंत्र दिसते : विखुरलेल्या कथांमागे एक सूत्रधार खलनायक उभा करावयाचा आणि जुन्या डागांना नवी कारणे द्यावयाची. परंतु येथे एक तोटाही आहे. डाग पुसले की माणूसही पुसट होतो. वाल्मीकीची कैकेयी चुकते, म्हणून जिवंत वाटते. भवभूतीची कैकेयी कथेबाहेरच राहते. या नाटकाचा पाचव्या अंकाच्या उत्तरार्धापुढील भाग भवभूतीचा नाही, तो इतरांनी पूर्ण केला आहे, असे हस्तलिखितांवरून दिसते. त्याने ते अर्धवट का सोडले असावे, याची अनेक उत्तरे दिली गेली आहेत. मला वाटते, स्वच्छ केलेल्या कथेत त्याचे मन फार काळ रमले नसावे.

स्मशानातील तरुण : 'मालतीमाधव'

दुसऱ्या नाटकात त्याने रामकथा बाजूला ठेवली आणि लोककथांच्या भांडारातून बीज घेऊन दहा अंकांचे प्रकरण रचले. पुराणाधारित अद्भुत कादंबरी आवडणाऱ्या वाचकाने भवभूतीची ओळख येथून करून घ्यावी. माधव हा विदर्भाच्या अमात्याचा मुलगा. कुंडिनपुराहून, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपुराहून, तो पद्मावती नगरीस न्यायशास्त्र शिकण्यासाठी जातो. परगावी शिकावयास आलेला विद्यार्थी, एवढीच त्याची ओळख. तेथील अमात्याची कन्या मालती. दोघांचे वडील एकेकाळी सहाध्यायी होते आणि आपल्या मुलांचा विवाह लावण्याचे त्यांनी एकमेकांस वचन दिले होते. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनास द्यावयाची आहे. अमात्याला राजाची आज्ञा मोडता येत नाही आणि मित्राचे वचनही मोडवत नाही. कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी त्या वडिलांची जुनी सहाध्यायिनी. ती आपल्या बुद्धीने हा पेच सोडविण्यास पुढे येते.

येथपर्यंत कथा दरबारी आहे. पाचव्या अंकात ती एकदम अंधारात उतरते. निराश झालेला माधव रात्री स्मशानात जातो आणि सिद्धीच्या आशेने पिशाचांना नरमांस विकावयास निघतो. भुते, वेताळ, विझत चाललेल्या चिता, पलीकडे नदी आणि कराला देवीचे मंदिर. त्या मंदिरातून ओळखीची किंकाळी ऐकू येते. अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची आकाशमार्गाने संचार करणारी शिष्या कपालकुंडला मालतीचा बळी देण्याच्या तयारीत असतात. माधव अघोरघंटाला ठार करून तिला वाचवितो. त्याचा मित्र मकरंद वाघाशी झुंज घेतो आणि पुढे मालतीच्या वेषात नंदनाशी लग्नही लावून घेतो. अखेर कपालकुंडला गुरूच्या वधाचा सूड म्हणून मालतीला श्रीपर्वतावर पळवून नेते आणि योगसिद्धी प्राप्त झालेली सौदामिनी तिची सुटका करते.

या अद्भुताचा उपयोग भवभूती कशासाठी करतो, याकडे लक्ष द्या. राजाच्या इच्छेपुढे दोन तरुण जीव असहाय आहेत. वडील बोलू शकत नाहीत, कायदा त्यांच्या बाजूचा नाही. सरळ मार्ग बंद झाले, तेव्हाच नायकाला स्मशानाचा रस्ता दिसतो. मुलीचा बळी मागणारी देवी आणि तिला नावडत्या माणसाच्या हवाली करणारा राजा यांत नाटककाराला फारसे अंतर दिसत नसावे. ज्या अद्भुत कादंबरीत राक्षस केवळ राक्षस असतो, ती वाचून विसरली जाते. येथील कापालिक आठवणीत राहतो, कारण दरबारातही तसेच काहीतरी चालले आहे.

दोष नसलेले हे नाटक नाही. शोक आणि विरह यांची वर्णने लांबतात. एकापाठोपाठ मूर्च्छा येतात. भवभूतीच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, आणि त्याची उणीव येथे फार जाणवते. गंभीर स्वभावाच्या या पंडिताला विनोदाची गोडी कमी होती, असेच म्हणावे लागेल.

पुन्हा रामकथेकडे : 'उत्तररामचरित'

प्रौढ वयात तो रामकथेकडे परतला, आणि या खेपेस त्याने सर्वांत जास्त टोचणारा भाग निवडला : गर्भवती सीतेचा त्याग. पहिल्या नाटकात त्याने डाग पुसले होते. येथे तो तसे करीत नाही. राम सीतेला टाकतो, आणि ते कृत्य नाटकात कोठेही झाकलेले नाही. पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाची चित्रे पाहत आहेत. ती पाहून सीतेला पुन्हा एकदा अरण्य पाहावेसे वाटते. थकून ती रामाच्या बाहूवर झोपी जाते, आणि त्याच वेळी लोकापवादाची वार्ता येते. वनदर्शनाची तिची ती हौसच तिला वनात सोडण्याचे निमित्त ठरते. इतकी क्रूर जुळणी संस्कृत नाटकात क्वचितच आढळेल.

बारा वर्षे लोटतात. तिसऱ्या अंकात राम पंचवटीस येतो. सीताही तेथेच आहे, परंतु भागीरथीच्या वराने ती कोणालाही दिसत नाही. तो तिच्यासाठी विलाप करतो आणि ती ते ऐकते. तो मूर्च्छित पडला की ती आपल्या स्पर्शाने त्याला शुद्धीवर आणते. तो स्पर्श त्याला ओळखू येतो, पण हाती काही लागत नाही. वनदेवता वासंती रामाला कठोर शब्दांत जाब विचारते. अदृश्य होण्याची सिद्धी ही अद्भुत कथांतील सर्वांत जुनी युक्ती. एरवी तिच्यामुळे नायकाला शत्रूच्या गोटात शिरता येते. भवभूतीने तिचा उपयोग टाकलेल्या पत्नीला पतीचा पश्चात्ताप ऐकविण्यासाठी केला. प्रत्यक्ष भेटीत जे बोलले गेले नसते, ते येथे बोलले जाते. सर्व रसांच्या मुळाशी करुण हाच एक रस आहे, हा विचार याच अंकात येतो, आणि तो पोकळ सिद्धांत वाटत नाही.

पुढील तीन अंक मुलांचे आहेत. वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेला बारा वर्षांचा लव यज्ञाचा घोडा अडवितो. लक्ष्मणाचा पुत्र चंद्रकेतू त्याच्यासमोर येतो. दोघांनाही एकमेकांविषयी ओढ वाटते आणि तरीही ते लढतात. दिव्य अस्त्रांच्या या युद्धाचे वर्णन आकाशातून पाहणारे विद्याधर जोडपे करते. कुमारवयीन नायकाचे इतके टवटवीत चित्र संस्कृतात विरळ आहे. लवाला रामाविषयी आदर आहे, पण त्याच्या पराक्रमावर टोचून बोलण्याससुद्धा तो कचरत नाही.

सातव्या अंकात भवभूतीने आपले सर्वांत मोठे धाडस केले. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. येथे वाल्मीकींनी रचलेले नाटक गंगातीरावर, रामासमोर आणि अयोध्येच्या प्रजेसमोर सादर होते. नाटकात नाटक. राम आपल्या अपराधाचे परिणाम प्रेक्षक होऊन पाहतो आणि मूर्च्छित होतो. मग गंगा आणि पृथ्वी खरोखरीच्या सीतेला घेऊन वर येतात. अरुंधती रामाला प्रश्न विचारत नाही. ती वळते प्रजेकडे, कारण अपवाद प्रजेने उठविला होता. लोक लज्जित होतात, सीतेपुढे नमतात आणि त्यानंतरच पुनर्मीलन होते.

हा केवळ गोड शेवट नव्हे. कथेचा शेवट बदलण्याचा अधिकार कवीला कोठून मिळतो, याचे उत्तर भवभूतीने रंगमंचावरच मांडले आहे. आदिकवी वाल्मीकी स्वतः नवे नाटक रचतात आणि त्या नाटकामुळे घडलेली गोष्ट बदलते. ज्याने मूळ कथा लिहिली, त्याच्याच हातून तिची दुरुस्ती करून घेणे ही युक्ती धूर्तही आहे आणि नम्रही.

जे बदलले नाही

येथे तुम्ही सावध असावयास हवे. याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात शंबूकाचा वध आहे. तप करणाऱ्या शूद्राला रामाने मारले, ही उत्तरकांडातील कथा भवभूतीने टाळली नाही. त्याचा राम शस्त्र उचलताना कचरतो आणि आपल्याच हाताला निर्दय होण्यास सांगतो. ज्या हाताने सीतेला टाकले त्याला दया कोठली, असा कडवट भाव त्यात आहे. मृत शंबूक दिव्य पुरुष होऊन प्रकटतो, रामाविषयी कृतज्ञता दाखवितो आणि त्याला दंडकारण्याची वाट दाखवितो. सीतेसाठी ज्याने सगळ्या प्रजेला लज्जित केले, त्या कवीने शंबूकासाठी कोणालाही लज्जित केले नाही. मारणाऱ्याच्या मनातील कंप त्याने टिपला. मरणाऱ्याच्या बाजूने मात्र एक शब्दही काढला नाही. उलट त्याच्याकडून आभार वदवून घेतले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या ग्रंथात शंबूकाच्या कथेची चिकित्सा केली आहे. चातुर्वर्ण्य टिकवावयाचे तर दंडशक्तीशिवाय गत्यंतर नाही, हे त्यांनी त्या कथेवरून दाखविले. याच भंडारा मतदारसंघातून १९५४ साली त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती, हे तुम्हांपैकी अनेकांना घरच्या आठवणींतून ठाऊक असेल. भवभूतीचा दुसरा अंक वाचताना ही चिकित्सा शेजारी ठेवावी. लेखक जुनी कथा कोठे बदलतो, यावरून त्याची करुणा कळते. कोठे बदलत नाही, यावरून त्या करुणेची मर्यादा कळते. भवभूतीच्या बाबतीत दोन्ही खुणा एकाच नाटकात, काही पानांच्या अंतरावर आहेत.

राजाश्रय आणि उत्तरकाळ

यात्रेत नाटके करणाऱ्या या कवीला पुढे राजाश्रय मिळाला. कनोजच्या यशोवर्म्याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी होते, असे कल्हणाने बाराव्या शतकात 'राजतरंगिणी'त लिहिले आहे. काश्मीरच्या ललितादित्याने या यशोवर्म्याचा पराभव केला. त्यावरून भवभूतीचा काळ आठव्या शतकाच्या पूर्वार्धात येतो. वाक्पतिराजाने 'गउडवहो' हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात लिहिले. भवभूतीच्या काव्यसागरातून उडालेले अमृतबिंदू आपल्या रचनेत चमकतात, अशी कृतज्ञता त्याने त्यात व्यक्त केली आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी हे काव्य १८८७ साली संपादून प्रसिद्ध केले. समकालीनांविषयी तक्रार करणाऱ्या भवभूतीला निदान एक समानधर्मा त्याच्या हयातीतच, शेजारच्या आसनावर लाभला होता असे दिसते.

आख्यायिकांवर जगलेल्या कवीभोवती आख्यायिका जमणे ओघाने आलेच. 'उत्तररामचरित' त्याने कालिदासाला ऐकविले आणि कालिदासाने त्यात फक्त एक अनुस्वार अधिक असल्याचे सांगितले, ही गोष्ट पंडितांत फार प्रिय आहे. दोघांमध्ये काही शतकांचे अंतर आहे, त्यामुळे ती खरी असणे शक्य नाही. पण दोन मोठ्या कवींची भेट व्हावयास हवी होती, ही रसिकांची इच्छा तिच्यात खरी आहे. भवभूतीने सीता आणि राम यांची जी भेट घडवून आणली, तिच्यामागील इच्छाही याच जातीची होती.

मराठीत भवभूती आला तो एकोणिसाव्या शतकात. परशुरामपंत गोडबोले यांनी 'उत्तररामचरिता'चे आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी 'मालतीमाधवा'चे भाषांतर केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी कालिदास, भवभूती, बाण, सुबंधू आणि दंडी यांच्यावर निबंध लिहिले. ते पुढे 'संस्कृत कविपंचक' या नावाने एकत्र झाले. हे निबंध प्रथम 'शालापत्रक' या शिक्षणविषयक मासिकात येत असत. म्हणजे आधुनिक मराठीत भवभूतीची सविस्तर ओळख करून दिली गेली ती शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या वर्तुळात. मिराशींनीही पुढे त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी 'उत्तररामचरिता'चा तिसरा आणि सातवा अंक कोणत्याही मराठी भाषांतरात वाचा. त्यानंतर तुमच्या आवडीची पुराणाधारित कादंबरी घ्या, तिच्या लेखकाने मूळ कथेतील कोणत्या तीन जागा बदलल्या आणि कोणती जागा बदलण्याचे टाळले, ते मूळ आख्यानाशी ताडून वहीत लिहा. संपर्कसत्रात चर्चा या टिपणांवरूनच सुरू होईल.